कॅमकॉर्डरचे चित्रण संगणकावर उतरविणे : आधी प्रत, मग काटछाट

कॅमकॉर्डर हे लहानसे यंत्र हाती आल्यापासून खेड्यापाड्यांतून पुष्कळ चित्रण झाले. लग्नकार्ये व जत्रा त्यात आहेतच. परंतु त्यांच्या जोडीला नालाबांधाची कामे, पीक-प्रात्यक्षिके, शिवारफेऱ्या, ग्रामसभा आणि जुन्याजाणत्या शेतकऱ्यांची मनोगतेही फितींवर घेतली गेली. या फितींची आज चौकशी केल्यास त्या बहुधा कपाटाच्या खालच्या खणात, माळ्यावरील ट्रंकेत किंवा कार्यालयातील जुन्या दप्तराशेजारी पडलेल्या आढळतात. त्या चालविण्याचे यंत्र हाताशी नसल्यामुळे त्या कोणी पाहत नाही. आणि कोणी पाहत नसल्यामुळे त्या बिघडत चालल्या आहेत, हेही कोणाच्या ध्यानात येत नाही.

अशा फितींवरील चित्रण घरच्या किंवा कार्यालयातील साध्या संगणकावर उतरविता येते. उतरविल्यानंतर त्याची काटछाट करून गावसभेत दाखविण्याजोगा पाच-दहा मिनिटांचा बोधपट तयार करता येतो. या कामात एक गोष्ट मात्र सर्वांत महत्त्वाची आहे. उतरविणे व संपादन करणे ही दोन निरनिराळी कामे आहेत. संपादन पुढील वर्षी केले तरी चालेल. उतरविण्याचे काम मात्र लांबणीवर टाकता येण्याजोगे नाही. तसेच उतरविताना काही गाळू नये. शहाणा शेतकरी बियाण्याचे धान्य दळावयास काढीत नाही. ते वेगळे राखून मगच घरखर्चाचे धान्य मोजतो. फितीवरून घेतलेली पहिली संपूर्ण प्रत ही बियाण्यासारखी आहे.

विलंब का करू नये

फीत म्हणजे प्लॅस्टिकची पातळ पट्टी असून तिच्यावर चुंबकीय द्रव्याचा अतिशय सूक्ष्म थर असतो. चित्र व ध्वनी या थरातच साठविलेले असतात. अनेक प्रकारच्या फितींत हा थर धरून ठेवणारे द्रव्य हवेतील ओलावा शोषून घेते व कालांतराने सैल किंवा चिकट होते. कोकण व गोवा यांसारख्या दमट प्रदेशात फितीच्या कडांवर बुरशी धरते. विदर्भ व मराठवाडा येथील पत्र्याच्या छपराखालील उन्हाळी उष्णतेने फीत आकसते किंवा वाकडी होते.

दुसरी अडचण यंत्राची आहे. व्हीएचएस ही पद्धत जपानमध्ये १९७६ साली बाजारात आली. त्यानंतर १९८५ मध्ये व्हिडिओ-८, पुढे हाय-८, १९९५ मध्ये मिनीडीव्ही आणि १९९९ मध्ये डिजिटल-८ या पद्धती आल्या. आज या फितींवर चालणारे नवे कॅमकॉर्डर तयार होत नाहीत. व्हीएचएस चालविणारी यंत्रे दीर्घकाळ बनवीत राहिलेल्या फुनाई या जपानी कंपनीनेही २०१६ साली ते उत्पादन थांबविले. सुटे भाग व दुरुस्ती करणारे कारागीर दिवसेंदिवस दुर्मिळ होत आहेत. फीत चांगली राहूनही ती चालविण्यास यंत्र मिळाले नाही, तर तिचा उपयोग शून्य होय.

प्रथम फीत ओळखावी

कोणता मार्ग पत्करावा हे फितीच्या जातीवर अवलंबून असते. व्हीएचएसची कॅसेट पुस्तकाएवढी असून तिच्यातील फीत अर्धा इंच रुंदीची असते. व्हिडिओ-८, हाय-८ व डिजिटल-८ यांच्या कॅसेटी आकाराने सारख्याच असून फीत ८ मिलिमीटर रुंद असते. मिनीडीव्हीची कॅसेट काडेपेटीपेक्षा थोडी मोठी व फीत पाव इंच रुंद असते.

व्हीएचएस, व्हिडिओ-८ व हाय-८ या पद्धतींत चित्र विजेच्या कमीअधिक लहरींच्या रूपाने साठविलेले असते. यास ॲनालॉग पद्धत म्हणतात. मिनीडीव्ही व डिजिटल-८ या पद्धतींत ते आकड्यांच्या रूपाने साठविलेले असते. यास डिजिटल पद्धत म्हणतात. डिजिटल फितीवरील आकडे जसेच्या तसे संगणकात नेता येतात व त्यात चित्राची प्रत किंचितही उतरत नाही. ॲनालॉग चित्राचे आकड्यांत रूपांतर करणारे एक उपकरण मध्ये लागते. दोन्ही मार्गांची माहिती पुढे दिली आहे.

फितीची व यंत्राची पूर्वतयारी

कॅसेट यंत्रात घालण्यापूर्वी तिच्या खिडकीतून फितीचे वेटोळे उजेडात पाहावे. त्यावर पांढरी भुकटी, ठिपके किंवा कोळिष्टकासारखे तंतू दिसल्यास ती बुरशी समजावी. अशी कॅसेट कोणत्याही परिस्थितीत यंत्रात घालू नये. बुरशी यंत्राच्या वाचकशीर्षास लागते व तेथून पुढील चांगल्या फितींवर पसरते. बुरशीची कॅसेट कागदाच्या पाकिटात वेगळी ठेवून जाणकाराकडून स्वच्छ करून घ्यावी.

चांगल्या कॅसेटीवर चुकून नवे चित्रण होऊ नये यासाठी तिचे संरक्षक बटण बंद करावे. मिनीडीव्हीच्या कॅसेटीस पाठीमागे सरकते बटण असते. ते ‘सेव्ह’ या बाजूस सरकवावे. व्हीएचएसच्या कॅसेटीवर प्लॅस्टिकची लहान पट्टी असते. ती मोडून टाकावी. पुष्कळ वर्षे न चाललेली फीत एकदा शेवटपर्यंत पुढे व पुन्हा आरंभापर्यंत मागे गुंडाळून घ्यावी. त्यामुळे वेटोळ्याचा ताण सर्वत्र सारखा होतो.

पावसाळी हवेतून किंवा थंड जागेतून आणलेला कॅमेरा लगेच सुरू करू नये. आत दव धरल्यास फीत शीर्षास चिकटून तुटण्याचा संभव असतो. फीत व कॅमेरा काही तास त्याच खोलीत ठेवून मग काम सुरू करावे. चित्रात चौकोनी तुकडे दिसू लागल्यास शीर्ष मळले आहे असे समजावे व शीर्ष स्वच्छ करणारी कोरडी कॅसेट, तिच्यावर लिहिलेल्या अवधीपुरतीच, चालवावी. ती अधिक वेळ चालविल्यास शीर्ष झिजते.

संगणकात जागा किती लागते

मिनीडीव्ही पद्धतीच्या एक तासाच्या चित्रणास सुमारे १३ गिगाबाइट जागा लागते. समजा, एखाद्या गावाजवळ एक तासाच्या १२ कॅसेटी आहेत. त्यांस १५६ गिगाबाइट जागा लागेल. संपादनासाठी आणखी मोकळी जागा हवी. म्हणून ५०० गिगाबाइटची चकती या कामास पुरेशी होय. रोज दोन कॅसेटी उतरविल्यास सहा दिवसांत काम पुरे होते. एक तासाची फीत उतरविण्यास एक तासच लागतो. त्यात घाई करता येत नाही.

चकतीची आखणी कोणत्या पद्धतीची आहे हेही पाहावे. ‘फॅट-३२’ या जुन्या आखणीत ४ गिगाबाइटपेक्षा मोठी फाईल मावत नाही. त्यामुळे वीस मिनिटांच्या आतच काम तुटते. चकती ‘एनटीएफएस’ किंवा ‘एक्सफॅट’ पद्धतीने आखलेली असावी. आखणी बदलताना चकतीवरील सर्व मजकूर पुसला जातो; सबब ती रिकामी असतानाच बदलावी.

या कामास महागडा संगणक लागत नाही. दर सेकंदास साडेतीन मेगाबाइटच्या आसपास माहिती लिहिता आली म्हणजे झाले. पंधरा वर्षांपूर्वीचा, फायरवायरचे तोंड असलेला संगणक अडगळीत पडला असेल, तर या कामापुरता तो नव्यापेक्षाही सोयीचा ठरतो. मात्र त्यावरील जुन्या प्रणालीस सुरक्षिततेची सुधारणा मिळत नसल्यामुळे तो इंटरनेटला जोडू नये.

डिजिटल फीत : फायरवायरचा मार्ग

मिनीडीव्ही व डिजिटल-८ कॅमेऱ्यांस ‘डीव्ही’ किंवा ‘आय-लिंक’ असे लिहिलेले चार टाचण्यांचे लहान तोंड असते. त्यातून निघणारी फायरवायर केबल संगणकाच्या फायरवायर तोंडात जोडावयाची असते. पुष्कळ कॅमेऱ्यांवर यूएसबीचेही तोंड असते. परंतु बहुतेक कॅमेऱ्यांत त्यातून केवळ स्थिरचित्रे किंवा हलक्या दर्जाचे चित्रण मिळते. म्हणून यूएसबी केबल जोडून समाधान मानू नये.

संगणकास फायरवायरचे तोंड नसल्यास मेजावरील संगणकात फायरवायरचे कार्ड बसविता येते. बाजारात एका टोकास फायरवायर व दुसऱ्या टोकास यूएसबी असलेल्या स्वस्त केबली मिळतात. त्यांत केवळ टोकाचा आकार बदललेला असतो. दोन्ही पद्धतींची भाषा निराळी असल्यामुळे त्यांतून चित्रण येत नाही. अशा केबलीवर पैसा खर्च करू नये. ॲपलच्या संगणकांवर जोडतुकडे लावून हे काम करता येत असे. परंतु २०२५ मध्ये निघालेल्या टाहो या प्रणालीतून फायरवायरचा आधार काढून टाकण्यात आला आहे. ज्यांच्याजवळ त्यापूर्वीच्या प्रणालीचा संगणक आहे त्यांनी हे काम उरकेपर्यंत ती बदलू नये.

प्रत्यक्ष कृती येणेप्रमाणे करावी :

१. कॅमेरा व संगणक दोन्ही बंद असताना केबल जोडावी. सुरू असताना किंवा उलटी घातल्यास तोंड जळण्याचा संभव असतो.

२. कॅमेरा बॅटरीवर न चालविता विजेच्या जोडणीवर चालवावा व त्याची कळ ‘प्ले’ किंवा ‘व्हीसीआर’ या खुणेवर ठेवावी. चित्रणाच्या खुणेवर ठेवल्यास कॅमेरा थोड्या वेळाने आपोआप बंद पडतो.

३. संगणक सुरू करून उतरविण्याचा प्रोग्रॅम उघडावा. विंडोजवर ‘विनडीव्ही’ व लिनक्सवर ‘डीव्हीग्रॅब’ हे लहान व मोफत प्रोग्रॅम या कामास उत्तम आहेत. फाईलचा प्रकार ‘डीव्ही’ हाच निवडावा. जागा वाचविण्यासाठी याच वेळी चित्र दाबून लहान करण्याचा मोह टाळावा.

४. संगणक झोपी जाण्याची व पडदा काळा होण्याची सोय बंद करावी. काम चालू असताना त्यावर दुसरे काहीही करू नये.

५. आधी उतरविणे सुरू करावे व मग फीत चालवावी, म्हणजे आरंभ हुकत नाही. मध्ये कोरा भाग आला तरी थांबू नये. पुष्कळदा त्यापुढेही चित्रण असते.

६. फीत संपल्यावर फाईल उघडून आरंभ, मध्य व शेवट पाहावा व ध्वनी ऐकावा. फाईलची लांबी फितीच्या चित्रणाइतकी आहे याची खात्री करावी. गळलेल्या चौकटींचा आकडा प्रोग्रॅम दाखवितो. तो शून्य असावा. नसल्यास तेवढा भाग पुन्हा उतरवावा.

लाँग-प्ले पद्धतीने, म्हणजे एक तासाच्या फितीवर दीड तास, केलेले चित्रण दुसऱ्या कॅमेऱ्यात नीट चालेलच असे नाही. ते शक्यतो ज्या कॅमेऱ्याने घेतले त्याच कॅमेऱ्यातून उतरवावे.

या मार्गाचा आणखी एक लाभ आहे. मिनीडीव्ही फितीवर चित्राबरोबरच चित्रणाची तारीख व वेळ गुप्तपणे नोंदविलेली असते व ती डीव्ही फाईलमध्ये जशीच्या तशी येते. पेरणी कधी झाली, बांध कधी भरला, पहिली फुटवणी कधी दिसली, याचा तो पुरावाच होय. अर्थात त्या वेळी कॅमेऱ्यातील घड्याळ बरोबर लावलेले असावयास हवे. फाईल दाबून लहान केली म्हणजे ही नोंद सामान्यतः नाहीशी होते. मूळ प्रत न दाबता ठेवण्याचे हे एक मोठे कारण आहे.

ॲनालॉग फीत : यूएसबी उपकरणाचा मार्ग

व्हीएचएस किंवा हाय-८ फीत चालविणाऱ्या यंत्रास पिवळे, पांढरे व तांबडे अशी तीन तोंडे असतात. पिवळ्यातून चित्र व इतर दोहोंतून ध्वनी येतो. यंत्रास ‘एस-व्हिडिओ’ हे गोल तोंड असल्यास चित्रासाठी तेच वापरावे; रंग व उजळपणा त्यातून वेगवेगळे येत असल्याने चित्र अधिक स्वच्छ दिसते. या केबली संगणकास जोडलेल्या यूएसबी उपकरणात घालाव्यात व ‘ओबीएस स्टुडिओ’सारख्या मोफत प्रोग्रॅमने चित्र नोंदवून घ्यावे.

भारतातील चित्रण ‘पॅल’ पद्धतीचे, म्हणजे दर सेकंदास २५ चौकटींचे असते. उपकरणावर ‘एनटीएससी’ ही अमेरिकी पद्धत लागलेली राहिल्यास चित्र कृष्णधवल दिसते किंवा वर-खाली धावते. फीत बिघडली असे समजून ती टाकून देण्यापूर्वी ही निवड तपासावी. अनेक डिजिटल-८ कॅमेऱ्यांत जुन्या हाय-८ फितीही चालतात व त्यांचे चित्र फायरवायरमधूनच बाहेर येते. असा कॅमेरा उपलब्ध झाल्यास निराळ्या उपकरणाची गरज उरत नाही.

कार्डाचे व चकतीचे कॅमेरे

२००६ नंतरच्या पुष्कळ कॅमेऱ्यांत फितीऐवजी कार्ड किंवा चकती आली. येथे काम सोपे असले तरी एक चूक वारंवार घडते. ती म्हणजे केवळ चित्रांच्या फाईली उचलणे. एव्हीसीएचडी पद्धतीत मोठे चित्रण अनेक तुकड्यांत विभागलेले असते व ते जोडण्याची माहिती शेजारच्या फोल्डरमध्ये असते. म्हणून संपूर्ण कार्डच, सर्व फोल्डरांसह, एका नव्या फोल्डरमध्ये उतरवावे. प्रत तपासून पाहिल्याशिवाय कार्ड पुसू नये. लहान डीव्हीडीवर चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्याची तबकडी त्याच कॅमेऱ्यात ‘फायनलाइझ’ केल्याशिवाय संगणकास वाचता येत नाही.

आता संपादन

मूळ प्रत सुरक्षित झाली म्हणजे तिच्या नकलेवर निर्धास्तपणे कात्री चालविता येते. ‘शॉटकट’, ‘केडीएनलाइव्ह’ व ‘ओपनशॉट’ हे संपादनाचे प्रोग्रॅम मोफत मिळतात. पन्नास मिनिटांच्या बीजप्रक्रियेच्या प्रात्यक्षिकातून सहा मिनिटांचा बोधपट काढावयाचा असेल, तर प्रथम सर्व चित्रण एकदा पाहून उपयोगी भागांच्या वेळा कागदावर टिपाव्यात. नंतर कृतीचा क्रम लावावा : बियाणे, औषधाचे प्रमाण, चोळणे, सावलीत सुकविणे व पेरणी. हातांचे जवळून घेतलेले चित्र भाषणापेक्षा अधिक शिकविते; म्हणून ते पुरेसा वेळ राहू द्यावे.

जुन्या चित्रणात चौकटी ओळींच्या दोन पाळ्यांनी रंगविलेल्या असतात. मोबाइलच्या पडद्यावर त्यामुळे हलणाऱ्या वस्तूंच्या कडा फणीच्या दातांसारख्या दिसतात. संपादनाच्या वेळी ‘डीइंटरलेस’ ही सोय वापरून हा दोष काढावा. तसेच जुने चौकोनी चित्र नव्या रुंद पडद्यावर ताणून बसवू नये. माणसे बुटकी व जाड दिसतात. दोन्ही बाजूंस काळी पट्टी राहिली तरी बिघडत नाही. तयार बोधपट ‘एमपी-४’ फाईलमध्ये काढावा. सहा मिनिटांचा बोधपट साधारण शंभर मेगाबाइटच्या आसपास बसतो. व्हॉट्सॲपवर पाठविताना तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविल्यास त्याचा दर्जा उतरत नाही.

विस्तार कार्यकर्त्यांनी एका बाबतीत विशेष दक्षता घेतली पाहिजे. जुन्या प्रात्यक्षिकात सांगितलेले औषध किंवा मात्रा आज योग्य असेलच असे नाही. उदाहरणार्थ, एंडोसल्फान हे कीटकनाशक पूर्वी सर्रास वापरले जात असे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०११ मध्ये त्यावर बंदी घातली. त्यापूर्वीच्या चित्रणात त्याची शिफारस असेल व ते आज जसेच्या तसे दाखविले गेले, तर पाहणारा त्यास आजचाच सल्ला समजेल. फवारणी करणारा उघड्या अंगाने व तोंडास फडके न बांधता काम करीत असल्याचे दृश्यही अशाच प्रकारे चुकीचा धडा देते. सबब गावात दाखविण्याच्या प्रतीतून असे भाग वगळावेत, किंवा पडद्यावर चित्रणाचे साल व ‘ही शिफारस आता लागू नाही’ अशी ठळक सूचना द्यावी. मूळ प्रतीतून मात्र ते काढू नयेत. शेती पूर्वी कशी होत असे याची ती खरी नोंद आहे. चित्रात दिसणाऱ्या व्यक्तींस किंवा त्यांच्या घरच्यांस विचारल्याशिवाय ते बाहेर प्रसृत करू नये, हेही सौजन्याचे ठरेल.

प्रती व नोंदवही

एका चकतीवर ठेवलेली एकच प्रत म्हणजे एकाच कणगीत भरलेले सर्व धान्य होय. चकती कोणतीही पूर्वसूचना न देता बंद पडते. मूळ चित्रणाच्या तीन प्रती असाव्यात. त्या निदान दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या गावी किंवा दुसऱ्या इमारतीत असावी. आग, पूर किंवा चोरी यांपासून संरक्षण याच उपायाने मिळते. वर्षातून एकदा, दसरा-दिवाळीच्या सुमारास, प्रत्येक चकती जोडून चार-दोन फाईली उघडून पाहाव्यात.

प्रत्येक कॅसेटीवर क्रमांक घालून वहीत त्याच क्रमांकापुढे दिनांक, गाव, शिवार, प्रसंग, दिसणाऱ्या व्यक्तींची नावे व फाईलचे नाव लिहावे. हे काम जाणत्या माणसांना शेजारी बसवून करावे. चित्रातील शेत कोणाचे, वाण कोणता, बांध कोणत्या ओढ्यावरचा, हे सांगणारी माणसे आज गावात आहेत. संगणक चित्र जतन करील. परंतु नावे त्याला ठाऊक नाहीत.

उतरविल्यानंतरही मूळ कॅसेटी फेकून देऊ नयेत. त्या पूर्ण गुंडाळून, डबीत घालून, उभ्या ठेवाव्यात. जागा कोरडी व सावलीची असावी आणि लाऊडस्पीकरसारख्या लोहचुंबकी वस्तूंपासून दूर असावी. डबीजवळ ओलावा शोषणाऱ्या दाण्यांची पुडी ठेवणे हितावह असते.

ज्या गावात अशा फिती आहेत, तेथील कार्यकर्त्यांनी प्रथम त्यांची मोजदाद करावी, चालू स्थितीतील कॅमेरा कोणाकडे आहे याचा शोध घ्यावा आणि सर्वांत जुन्या फितीपासून आरंभ करावा. पंचक्रोशीत एक चांगला कॅमेरा व एक जुना संगणक असला, तरी आळीपाळीने चार गावांचे काम त्यावर होऊ शकते. पावसाळी दमट हवा सुरू होण्यापूर्वीच्या कोरड्या दिवसांत हे काम उरकल्यास फितींचीही सोय होते व शेतकऱ्यांनाही सवड असते.